बिनधुराचं घर

जालन्याच्या एका दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या बाकावर दोन अनोळखी बायांचं मेतकूट जमलं होतं. एक आष्टीच्या गोजरबाई, दुसऱ्या पिंपळगाव रेणुकाईच्या द्वारकाबाई. गोजरबाई सांगत होत्या.

“आमच्या आष्टीत बाजाराच्या दिवशी नुसता बिड्यायचा धूर असतो, माय.”

“आमच्याकडं न्हाई. देवळाच्या पारावर आता कोनी बिडी पेटवत न्हाई.”

“मंग सुधारलं म्हना तुमचं गाव!”

“बिलकुल! आमच्या मालकाची तर म्याच सोडवली. खोकून खोकून बेजार झाल्ते. दवापान्याला लई खर्चा आल्ता.”

“आन् ऐकलं त्यायनं?”

“न ऐकून जातेत कुठं! आता घरात तंबाखूचा कन सापडायचा न्हाई.”

“नशीब काढलं बाई तुम्ही. मंग हितं कोनाला आनलं?”

“मीच आले. तोंडात नुसती आग होऊन राह्यली. गालात पांढरं आलंय, तिखट लागू देत न्हाई.”

“आगं माय! मंग खाता काय?”

“दूध-भाकर. पर मिसरी लावली की घटकाभर बरं वाटतं बघा.”

“माझी सकाळची राह्यलीच. डबी हाय का?”

“हाय की. घ्या. दुकानातली न्हाई, मीच तव्यावर भाजलेली हाय.”

“मस्त कडक हाय वो!”

“भाजायचा हात लागतो, बाई. थांबा, मीबी घेते.”

तेवढ्यात नर्स कागद घेऊन दारात आली.

“द्वारकाबाई कोण? तंबाखू वगैरे खाता का?”

“न्हाई वो बाई, कव्हाच न्हाई. आलेच आत, जरा मिसरी थुकून येते.”