विनायकची रविवारची अट

गौरीवहिनी, ईरा, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

मला आज बोलायचं नव्हतं. पण काल वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "मेघना, ऑफिसात तू रोज विनायकच्या समोर बसायचीस. तू बोल." वहिनींना नाही कसं म्हणणार? म्हणून उभी आहे. मध्येच आवाज बसला तर सांभाळून घ्या. माइक मुद्दाम बारीक ठेवलाय. रविवार आहे ना. मोठा ठेवला असता तर विनायकच सगळ्यात आधी उठून आला असता, बारीक करायला.

फार लांबून आलात तुम्ही. जोशीकाका सकाळच्या गाडीने झिंडेलफिंगेनहून आलेत. फ्रँकफर्टची मंडळी आलीत. आमचे प्राध्यापक आलेत. त्यांना मराठी अजिबात कळत नाही, तरी तिसऱ्या रांगेत बसलेत आणि जोशीकाका त्यांना हळू आवाजात जर्मनमध्ये सांगतायत. आणि इथे पुढे, ईराचा हात धरून बसल्या आहेत त्या फ्राऊ ब्रेमर. विनायकच्या खालच्या मजल्यावर राहतात. विनायकबद्दल सांगायचं तर मला त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

विनायक विद्यापीठात नक्की काय करायचा, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. "विजेचं काहीतरी," असं त्याची आईसुद्धा सांगायची. होतं विजेचंच. ऊन भरपूर असलं की वीज भरपूर असते, स्वस्त असते. मग घरोघरची वॉशिंग मशीन नेमकी तेव्हाच चालली तर? कुठल्या घराने मशीन केव्हा लावायचं, हे गणिताने काढायचं. ते ऑप्टिमायझेशन विनायकचं. आणि लोक ते ऐकतील का, कशाने ऐकतील, हे शोधायचं काम माझं. तो गणितवाला, मी माणसंवाली. निदान दारावरच्या पाट्या तरी तसं म्हणायच्या.

पहिला प्रयोग त्याने स्वतःच्याच बिल्डिंगमध्ये केला. पहिल्याच रविवारी सगळ्यांच्या फोनवर मेसेज गेला: आज दुपारी एक वाजता मशीन लावा, वीज सगळ्यात स्वस्त आहे. गणित अगदी बरोबर होतं हो! रविवारी कारखाने बंद, वर ऊन. चूक कुठे होती? तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला कळलंय. जर्मनीत रविवारी मशीन लावायचं नसतं. रूहेत्साइट. शांततेची वेळ. नियमांचा कागद जिन्यात लावलेला असतो, आपण सगळे रोज त्याच्यासमोरून जातो.

आणि गंमत ऐका. विनायकला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या घरी रविवारच्या मटणाचं वाटण शनिवारी संध्याकाळीच व्हायचं. रविवारी मिक्सर लावला की फ्राऊ ब्रेमर खालून झाडूच्या दांड्याने ठोकायच्या. हो ना वहिनी? घरात मिक्सर शनिवारी, आणि गणितात मशीन रविवारी! घरची अक्कल ऑफिसात न्यायची तेवढी राहून गेली होती.

काही घरांनी शहाण्यासारखी मशीन लावली. सगळ्यांची मशीन तळघरात, त्यामुळे तळघर घुमायला लागलं. फ्राऊ ब्रेमर जिना चढून वर आल्या. "हेर सावर्डेकर, हे तुम्ही केलंत?" विनायक म्हणाला, "या." म्हणजे जर्मनमधलं हो. सोमवारी त्याने मला हे कान पकडून सांगितलं आणि मी टेबलावर डोकं ठेवून हसले. आत्तासुद्धा मला तो तसा, कान पकडलेलाच दिसतोय.

मग तो नारळाच्या वड्या घेऊन माफी मागायला गेला. त्यांनी कॉफी दिली. पुढच्या रविवारी परत गेला. मग जातच राहिला.

आता आमच्या शास्त्रात प्रत्येक गैरसोयीला किंमत असते. मी त्याला म्हटलं, "नुसती कॉफी काय पितोस? किती सवलत दिली तर त्या रविवारी मशीन लावतील, ते विचार." त्याने विचारलं. फ्राऊ ब्रेमरनी नुसती त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. मी म्हटलं, "म्हणजे माहिती मिळाली नाही." तो म्हणाला, "मिळाली की. हेच उत्तर आहे."

बऱ्याच दिवसांनी त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान रेल्वेत होते. पाळ्या रात्रंदिवस. सगळ्या आठवड्यात रविवारची दुपार तेवढी दोघांची. जेवून ते सोफ्यावर आडवे व्हायचे, फ्राऊ ब्रेमर शेजारी विणत बसायच्या. कोणी बोलायचं नाही. यजमान जाऊन खूप वर्षं झाली. त्या वेळेला त्या अजून तशाच बसतात.

विनायक मला म्हणाला, "आपण त्या शांततेला गैरसोय म्हणतोय, मेघना. तो त्यांचा नवरा आहे गं."

आणि त्याने रविवारची दुपार किमतीच्या रकान्यातून काढली आणि अट केली. आमच्या गणितात हा फरक फार मोठा आहे. किंमत असली की पैसे मोजून मोडता येते. अट मोडायची नसते. जे काही मिळवायचं ते तिच्या आत राहून मिळवायचं.

झालं! बचतीचा आकडा एकदम खाली आला. जिथे आमच्या संशोधनाचा पेपर पाठवायचा होता तिथे एवढ्याशा आकड्याला कोण विचारतंय? आम्ही भांडलो. किती भांडलो! मी म्हणायचे, एवढ्या हळवेपणाने विज्ञान होत नाही. तो म्हणायचा, माणसंवाली तू आहेस ना? प्राध्यापकांनीही समजावलं, शांतपणे, सभ्यपणे. अट काढून बघा, निकाल किती चांगला दिसतो. विनायक म्हणाला, "काढा. मग माझं नावही काढा." चिडून नाही. दाराला कुलूप लावलंस का, असं विचारावं तितक्या साधेपणाने.

त्या शुक्रवारी तो पेपर आमच्या दोघांच्या समोर उघडा होता. म्हणाला, "सोमवारी ठरवू. आता ईराला पोहण्याच्या क्लासमधून आणायचंय." जॅकेट घातलं आणि निघाला. एसबान लोकलच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या त्याचं हृदय थांबलं. सोमवार आला. तो आला नाही. त्याची खुर्ची मी अजून सरळ केलेली नाही. तो उठताना जशी वळली, तशीच आहे.

आणि पेपरचं ठरवायला आता मी एकटी उरले.

खरं सांगते. माझं कॉन्ट्रॅक्ट या हिवाळ्यात संपतंय. मोठा आकडा असलेला पेपर हातात असला तर ते वाढेल. त्यावर माझा इथे राहायचा परवाना आहे, घर आहे. अट काढायला किती वेळ लागतो? एक ओळ पुसायची. पण ती पुसली तर त्याचं नाव पुसावं लागतं, त्यानेच सांगून ठेवलंय तसं. त्याची इतक्या वर्षांची मेहनत आणि वर फक्त आमची नावं. तो नाहीच तिथे. कोणी विचारणारही नव्हतं मला. हाच तर त्रास होता.

मागच्या आठवड्यात मी वहिनींकडे गेले होते. ईरा माझ्याशी जर्मनमध्ये बोलते, मी तिच्याशी मराठीत, आमचं चालतं तसं. तिने विचारलं, "बाबा खरं म्हणजे काय काम करायचा?" मी काय सांगणार? म्हटलं, तुझ्या बाबाने एक असं गणित केलं, ज्यात रविवारच्या दुपारला कोणीच हात लावू शकत नाही.

ती म्हणाली, "गेनाऊ." अगदी बरोबर. मग म्हणाली, रविवारी दुपारी बाबा लॅपटॉप उघडायचाच नाही. आम्ही दोघं गालिच्यावर पडायचो आणि काहीच करायचो नाही. खाली फ्राऊ ब्रेमर पण काही करत नसायच्या.

ऐकलंत? वर हे दोघं, खाली त्या. मी त्याच्याशी इतकी भांडले, आणि ही गोष्ट त्याने मला एकदाही सांगितली नाही. मला वाटत होतं तो फ्राऊ ब्रेमरसाठी भांडतोय. तो स्वतःच्या लेकीबरोबरची दुपार राखत होता. त्याच्याकडे अशा दुपारी फार उरल्या नव्हत्या. हे त्याला माहीत नव्हतं. आपल्यापैकी कुणाला माहीत असतं?

जोशीकाका, आता हे जरा नीट सांगा प्राध्यापकांना. सर, तो पेपर अटीसकट जाईल. विनायकचं नाव पहिलं असेल. आकडा लहान येईल, येऊ दे. जिथे घेतील तिथे पाठवू. माझ्या कॉन्ट्रॅक्टचं जे व्हायचं ते होईल. सांगितलंत, काका? त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते मी सोमवारी विचारीन.

विनायक, भांडण तू जिंकलास. जिंकल्यावर तू कसा चिडवतोस ते ऐकायला मी काय वाटेल ते दिलं असतं रे.

एक वाजत आलाय. बाहेर स्वच्छ ऊन पडलंय, वीज आत्ता स्वस्तच असणार. आपण काहीही लावायचं नाहीये. फोन बंद करा. उभं राहू नका, त्याला ते आवडलं नसतं. आहात तिथेच स्वस्थ बसा आणि काहीच करू नका. फ्राऊ ब्रेमर, तुम्हाला हे कुणी भाषांतर करून सांगायची गरज नाही.

किती वेळ, ते मी घड्याळ लावून सांगणार नाही. ईरा, बाळा, तुला वाटेल तेव्हा तू ऊठ. तू उठलीस की मग आम्ही सगळे उठू.