सगळ्यांचं ॲव्हरेज अकरा

पिकअप घ्यायची असेल तर पिंपळगावच्या कांदा मार्केटात कुणाला विचारू नका. मी विचारून बसलोय.

आमची जुनी पिकअप अकराच्या वर ॲव्हरेजच देत नाही, असं आमचा ड्रायव्हर संपत दोन वर्षं सांगतोय. म्हटलं, नवीच घेऊ. त्यालाच बरोबर घेऊन मार्केटात गेलो. तो चहाला थांबला, मी एकेका ड्रायव्हरला विचारत सुटलो. घाटात लोड ओढते का, रस्त्यात बंद पडते का, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. ॲव्हरेज मात्र सगळ्यांचं अकरा! दहा वर्षांची खटारा गाडी, अकरा. शोरूममधून कालच काढलेली, हारसुद्धा वाळला नव्हता, तीही अकराच!

डोकंच फिरलं. शेवटी एकाला म्हटलं, "अरे बाबा, खरं सांग. मी काय तुझा मालक नाही."

"मग पंधरा देती," तो हसून म्हणाला. "पण मालकाला अकराच सांगायचं, उरलेलं डिझेल आपलं. एकानं जास्त सांगितलं की बाकीचे गोत्यात येतात ना!"

"आणि हे ठरवलं कुणी?"

त्यानं चहाच्या टपरीकडं बोट केलं.

"ते काय, संपतअण्णा बसलेत. लय हुशार माणूस हाय."