काकूंच्या पाठीवरची राधा

त्या कॅटलॉगचं काय झालं म्हणून विचारताय ना? ऐका. एका खासगी संग्रहातल्या लघुचित्रांचा तो सचित्र कॅटलॉग आता कुठेच मिळत नाही. मी परदेशातून कलेचा इतिहास शिकून आलेलो. डोंबिवलीच्या सामंतकाकूंकडे एक प्रत आहे कळल्यावर धावतच गेलो. उघडतो तर पानापानावर पेन्सिलीने गिरवलेलं!

"काकू, हे काय केलंत?"

"अरे, ब्लाउजवर भरायला नक्षी नको का?"

मी पेटलोच. "काकू, हा ठेवा आहे! मला द्या, स्कॅन करून नेटवर टाकतो. कला लोकांपर्यंत पोचली पाहिजे!"

काकूंनी शांतपणे पाठ फिरवली. ब्लाउजवर झुल्यावर बसलेली राधा होती.

"आमच्या बिल्डिंगमधली ही चौथी. कोलशेतच्या नणंदेच्या पाठीवर शिकारीचा अख्खा घोडा आहे. अजून कुठे पोचवायची?"

काकूंनी टेप उचलली. "लग्नसराई संपली की ने पुस्तक. तोवर तुझ्या कुर्त्यावर मोर भरते. हात वर कर बघू."

कॅटलॉग आणायला गेलेलो, छातीचं माप देऊन आलो.