हसू झालेला माणूस

हिंगोलीच्या बसस्थानकावर पुसेगावच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक बाई आणि तिची कॉलेजातली लेक बोलत होत्या.

"उद्यापासून तुझा मर्दानी खेळाचा क्लास बंद."

"काहून, आई? सरांनी शिकवलं म्हणून तर काल त्या पोराच्या हातातून सुटले मी."

"सुटलीस, बरं झालं. पण त्याला पाडलंस काहून?"

"ठरवून न्हाई पाडलं. त्यानं गाडीत मनगट धरलं. मी लाठी फिरवताना वळते तशी वळले, अन् कुस्तीतल्यावानी पाय घातला. रोजचा सराव हाय, अंगानंच केलं ते."

"अन् सगळी गाडी त्याला हसली."

"हसू दे की."

"त्याचंच भ्या वाटून राहिलं मला. मार खाल्लेला माणूस एखाद्या वक्ती इसरतो, बाई. हसू झालेला न्हाई इसरत."

"भ्या मलाबी वाटतं. रात्री डोळ्याला डोळा लागला न्हाई माझा."

"मग सोड ना ते खेळ."

"मी खेळ सोडला तर तो माझी वाट सोडल का?"

तेवढ्यात गाडी फलाटाला लागली आणि सगळे उठले.

"आई, तो बघ. दारापाशी उभा हाय. संग अजून दोघं हायेत."

"बघितलं मी. ये, माझा हात धर."

"धरला."

"न्हाई, नको. सोड. हात मोकळे ठेव तुझे."