सामाईक प्लॉट

नगरपालिकेने मोकळ्या प्लॉटांवर माजलेलं रान काढलं, आणि मालकांना खर्चाची बिलं धाडली. आज हरकतींची सुनावणी होती. बाहेरच्या बाकावर शिंपीणबाई आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. शेजारी पिकल्या केसांचे एक गृहस्थ होते. त्यांना पाहून एक बाई दारातच थबकली.

“दादा?”

“मलाही बिल आलं. सामाईक आहे ना प्लॉट. बस, गुडघे दुखत असतील.”

“तुला कुणी सांगितलं?”

“आईचेही या वयात दुखायचे.”

“आई गेल्यावर नऊ वर्षांत एक फोन नाही केलास.”

“तू तरी कुठे केलास?”

“मला वाटलं, प्लॉटवर तू जात असशील.”

“आणि मला वाटलं, तू. तुझं घर जवळ.”

“नाही जाववत रे. घर पाडलं, तरी आई तिथेच बसलेली दिसते.”

“मी कोपऱ्यापर्यंत जातो. पुढे पाय उचलत नाही.”

“अर्जात काय लिहिलंस?”

“बहिणीच्या हलगर्जीपणामुळे रान माजलं. तू?”

“भावाच्या.”

शिंपीणबाईंनी हसू दाबलं, पण त्या दोघांना ते आवरलं नाही. भावाने चष्मा काढून पुसला. तेवढ्यात आतून पुकारा झाला. दोघं एकमेकांच्या आधाराने उठली. दार उघडंच राहिलं.

“बोला, काय हरकत आहे?”

“काही हरकत नाही, साहेब. बिल भरतो.”

“आणि पुढच्या वर्षी माणसं पाठवू नका,” बहीण म्हणाली. “आम्ही दोघं जाऊ.”