औषध नसलेली गोळी

रक्ततपासणी केंद्रात, नोंदणीच्या खिडकीमागे बसलेल्या बाईंनी कान टवकारले. बाकावरचे आजोबा शेजारी येऊन बसलेल्या वयस्कर बाईंना विचारत होते,

“डॉक्टरबाई, ओळखलंत? वीस वर्षांपूर्वी तुमच्या मधुमेहाच्या नव्या गोळीच्या चाचणीत होतो मी.”

“ओळखलं ना! एकही तपासणी चुकवली नाहीत तुम्ही.”

“निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना औषध नसलेली, म्हणाला होतात. मला कुठली होती हो?”

खिडकीतल्या बाईंचं पेन थांबलं.

“औषध नसलेली.”

“घ्या! आणि मी दोन वर्षं घड्याळ लावून गिळत होतो.”

“माझ्या नोकरीची सगळी वर्षं त्या एका गोळीत गेली, आजोबा. आणि साखर वाढून तुमचं पायाचं बोट.”

“बोटाचं काय घेऊन बसलात! गोळीला गुण होता का पण?”

“होता. तुमच्यासारख्यांशी ताडून पाहिलं, म्हणूनच कळलं.”

“लेकीला तीच लिहून दिलीय. आत रक्त द्यायला गेलीय ती.”

“घेते ना वेळेवर?”

“कसली घेते! बापाचं ऐकते होय? तुम्हीच सांगा आता.”

“काय सांगू?”

“सांगा, ही गोळी खरी ठरायला एक बोट लागलंय. तेही घरचं.”