तिरके पट्टे

लेक : अजून जोर लावा, बाबा. गाडीचं दार किती उघडतंय?

बाबा : वीतभर. त्यातून मी काय, माझा चष्माही बाहेर पडायचा नाही.

लेक : चेष्टा नको हो आत्ता. साडेचारला आईला ऑपरेशनला आत घेणार, चार वाजून पाच झालेत. अहो वॉचमन, या स्कूटरी जरा बाजूला घ्या ना!

वॉचमन : कशा घेऊ, ताई? पाचच्या पाच लॉक आहेत. लावणारे वर गेलेत, आपापल्या पेशंटपाशी.

लेक : पण ही व्हीलचेअरवाल्यांची जागा आहे!

वॉचमन : तुमची गाडी उभी आहे ना, ती जागा व्हीलचेअरची. सकाळपासून राखून ठेवलीय मी, एका डॉक्टरशी वाद घातला त्यापायी. शेजारची जागा दुचाकीची. खाली लिहिलंय बघा.

लेक : अहो, मग दार उघडायचं कुठे? खुर्ची लावायची कुठे? आणि आत जायच्या उताराचं तोंडही तिथेच. गाडी मागे घेऊन रस्त्यात उतरवलं, तरी या स्कूटरींमधून खुर्ची जाणार कशी? कुठल्या गाढवाने इथे ‘दुचाकी’ लिहिलंय!

बाबा : अक्षर मात्र वळणदार आहे.

लेक : बाबा, पुरे! मोठ्या दाराने नेता येईल का हो?

वॉचमन : सात पायऱ्या आहेत, ताई.

लेक : उचलू. तुम्ही आणि मी.

वॉचमन : माझं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, खोटं नाही सांगत. वॉर्डबॉय बोलावतो. दोघं तरी लागतील.

बाबा : चार बोलवा. पाय गेले दोन्ही, वजन काही हललं नाही. आणि तू, तू वर जा. सही तुझी लागणार आहे.

लेक : तुम्हाला इथे टाकून? आई सकाळपासून एकच धोशा लावून बसलीय, यांना बघितल्याशिवाय आत जाणार नाही. डॉक्टर काल काय म्हणाले, ऐकलंत ना?

बाबा : ऐकलं. म्हणूनच म्हणतो, जा. तिला एकटी ठेवू नकोस. सांग, आलोच म्हणून.

(लेक पळत आत जाते. वॉचमन फोन लावतो, बोलतो, परत गाडीपाशी येतो.)

वॉचमन : दोघं येतायत, काका. एका पेशंटला एक्स-रेला सोडायचंय, मग इकडेच.

बाबा : किती वेळ?

वॉचमन : दहा मिनिटं.

बाबा : इथली दहा मिनिटं मला चांगली ठाऊक आहेत. अहो, मला तिला बघायचंय हो. एकदाच. चाळीस वर्षांत कधी तिला एकटीला दवाखान्यात सोडलं नाही मी.

वॉचमन : माझ्यावर राग नका काढू, काका. मला सांगितलं तेवढं मी करतो.

बाबा : काय म्हणालात?

वॉचमन : सांगितलं तेवढं करतो, म्हटलं. चुकलं का काही?

बाबा : नाही. हेच मी बोललो होतो. इथेच उभा राहून, स्वतःच्या पायांवर. सहा वर्षं झाली त्याला.

वॉचमन : इथे होता का कामाला?

बाबा : पेंटर. हे सगळं आवार मी रंगवलंय. या स्कूटरी आहेत ना, तिथे तिरके पिवळे पट्टे होते. तेही माझेच. मग मॅनेजर म्हणाला, एवढी जागा फुकट जातेय, काळा रंग मार आणि दुचाकी लिही. मारला.

वॉचमन : मग काय करणार? आपल्या हातात असतं थोडंच.

बाबा : ऐका तर. रंग देत होतो, तेवढ्यात एक बाई आल्या, खुर्चीवरच्या. कुठल्याशा शाळेत शिकवायच्या. म्हणाल्या, दादा, हे पट्टे पुसू नका हो. रिकामे दिसतात, पण माझं दार तिथे उघडतं.

वॉचमन : मग?

बाबा : मग काय! हातातला ब्रशसुद्धा खाली ठेवला नाही मी. म्हटलं, बाई, मला सांगितलं तेवढं मी करतो. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. रंग ओला होता, म्हणून त्यांनी खुर्ची लांबून वळवून नेली. माझं काम बिघडू नये म्हणून.

वॉचमन : जाऊ द्या, काका. तुम्हाला तरी काय माहीत, पुढे असं होईल.

बाबा : माहीत नव्हतं असं कसं म्हणू? त्यांनी सांगितलं होतं की! घरी त्यातलं एक अक्षर बोललो नाही. बायकोला मात्र हौसेने इथे घेऊन आलो, बघ म्हटलं कसं लिहिलंय. काय खूश झाली होती.

वॉचमन : आले, आले वॉर्डबॉय! अरे इकडे, या गाडीपाशी! काका, धरा त्याच्या खांद्याला. थांबा, ताई येतायत.

बाबा : तू कशाला आलीस खाली? वरच थांब तिच्याजवळ. येतोय मी, ही काय माणसं आलीत.

लेक : नेलं, बाबा.

बाबा : अगं, साडेचार कुठे झालेत अजून?

लेक : आधीचा पेशंट लवकर बाहेर आला. पाच मिनिटं मागितली मी, हात जोडले. नाही थांबले.

बाबा : रागावली असेल माझ्यावर.

लेक : नाही हो. नर्सने विचारलं, आजी, आजोबा नाही आले? तर म्हणाली, आलेत, खाली गाडीतून उतरतायत. ती जागा त्यांनीच रंगवलीय. त्यांना तिथे कोण अडवणार?